रिकाम्या मैदानातली कोपऱ्याची जागा

जमिनीतून पाणी उसळतं आहे. माणसापेक्षा उंच. ते कसं बंद करायचं हे तिथल्या कोणालाच माहीत नाही.

समुद्राकाठच्या खुर्च्या एकावर एक रचून साखळीने बांधल्या आहेत.

ओल्या चादरींचा वास.

एक बाई चहाचा कप टेबलाच्या काठाबाहेर ठेवते. कप खाली पडतो. ती टेबलाकडे अशी बघते, जणू टेबलच सरकलं.

माझ्या पाठीवर दोन ठोके, म्हणजे ये. एक ठोका, म्हणजे थांब.

मित्रांनो, हे सगळं माझ्याच आयुष्यात घडलं आहे. पण कशानंतर काय घडलं याचा माझ्या डोक्यात नेहमी घोळ होतो. म्हणून सुरुवातीपासून सांगून बघते.

मी एक जुनी गाडी आहे. किंवा मी एक जुनं घर आहे. यातलं नक्की काय, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. मी चालत असले की लोक मला गाडी म्हणतात. थांबले की त्याच लोकांना मी घर वाटते. मधल्या वेळात, म्हणजे इंजिन बंद होऊन चहाचं आधण ठेवेपर्यंत, मी कोण असते हे कोणी सांगत नाही.

माझा जन्म कारखान्यात झाला आणि नोकरी एका मोठ्या रुग्णालयात लागली. काम एकच. मळलेल्या चादरी धुलाईघरात न्यायच्या आणि धुतलेल्या परत आणायच्या. धुलाईघराची गल्ली इतकी अरुंद होती की तिच्यात उलटंच शिरावं लागे. मला चालवणारी बाई ते रोज करायची. आरशात एकदा इकडे, एकदा तिकडे बघायची आणि एका दमात मला आत घ्यायची. दोन्ही भिंतींना माझा रंग कधी लागला नाही. गाडी मागे घेण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. रुग्णालयातले लोक खिडकीतून बघत आणि माझं कौतुक करत. खरं तर ते तिचं होतं, पण मी ते ठेवून घेतलं.

मग मी जुनी झाले आणि मला अंगणात उभं केलं. माझ्या चाकांखाली गवत उगवलं. एका टायरमागे मांजर व्यायली. मला वाटलं, संपलं. पण त्याच बाईने मला विकत घेतलं. ती स्वतःही नुकतीच निवृत्त झाली होती. तिच्या धाकट्या दिराने, तो सुतार होता, माझ्या पोटात दोन पलंग, एक ओटा आणि घडीचं टेबल बसवलं. ते काम त्याचं शेवटचं ठरलं. वर्षभरात तो गेला. त्याचा भाऊ, म्हणजे बाईचा नवरा, आधीच गेला होता.

राहिल्या दोघी जावा. मला चालवणारी ती थोरली. दुसरी धाकटी. धाकटीने सगळी उमर बसमध्ये कंडक्टर म्हणून काढली. उभ्याने. त्यामुळे ती अजूनही बसायच्या आधी कोणी उतरतंय का ते बघते.

दोघींनी एका स्वयंपाकघरात तीस-पस्तीस वर्षं काढली होती. मीठ कोणी किती घालायचं यावरून त्यातली निम्मी वर्षं अबोला होता, असं त्याच सांगतात. मग घर विकलं गेलं. थोरलीला तिच्या मुलाने नेलं, धाकटीला तिच्या. देश इतका मोठा की एकीकडे सकाळी ऊन आलं तरी दुसरीकडे अंधार असे. भांडायलाही कोणी उरलं नाही. म्हणून सुट्टीचा हंगाम संपला, नातवंडांच्या शाळा सुरू झाल्या की दोघी माझ्यापाशी येत आणि थंडीचे चार महिने माझ्यात राहत. वर्षातले तेवढेच महिने त्या एका छपराखाली असत. ते छप्पर मी.

हंगाम नसताना का, हे मला आधी कळत नसे. सगळे घरी परततात तेव्हा आम्ही निघायचो. दुकानांवर फळ्या ठोकलेल्या. पोहण्याच्या तळ्यात पाला. दिवसभर चालूनही नकाशावर आम्ही बोटभरच सरकत असू. बंद असलेली सगळी गावं सारखी दिसतात, त्यामुळे आपण पुढे जातोय की कालच्याच गावात परत आलोय, याचाही मला पत्ता लागत नसे. धाकटी म्हणायची, गर्दी नसली की गावं खरं बोलतात. थोरली म्हणायची, गर्दी नसली की गावं काहीच बोलत नाहीत, म्हणून तर आपण येतो.

गाड्यांच्या मुक्कामाच्या मैदानात तर अख्खं मैदान आमचंच असे. कुठेही उभं राहावं. पण थोरली मला मैदानाच्या सगळ्यात अडचणीच्या कोपऱ्यात न्यायची, तेही उलटं. मागे भिंत, बाजूला झाड. धाकटी खाली उतरून माझ्या पाठीशी उभी राहायची. दोन ठोके, ये. एक ठोका, थांब. बसची सवय. ठोकण्याची गरज तशी नव्हतीच. थोरलीला सगळं दिसत असे.

मित्रांनो, इथून पुढे माझा घोळ वाढतो.

त्या वर्षी ठोके वाढले. आधी एक पुरायचा, आता चार-पाच बसायचे, घाईघाईने. माझा एका बाजूचा आरसा मोडला. नवा बसवला, तोही मोडला. ओट्यावरून कप पडू लागले. थोरली कोणाशी बोलताना सगळी मान वळवू लागली, जणू शेजारचं माणूस फार लांब बसलंय.

आणि एक गोष्ट तर मला मुळीच उमगली नाही. हायवेवर धाकटी थोरलीच्या शेजारी बसे. बाजूने ट्रक आला की ती माझ्या दारावर ठोके. आतून. दारावर आतून कोण ठोकतं? बाहेर जायची परवानगी कोण मागतं? मी पार गोंधळून गेले. थोरली ठोका ऐकून मला जरा बाजूला घ्यायची आणि पाऊस येईल का, असलं काहीतरी बोलायची. धाकटी म्हणायची, येईल. दोघींपैकी एकीनेही ट्रकचा विषय काढला नाही.

मग ते मैदान आलं. मोकळं, सपाट. कोपऱ्यात एक नळ होता, कमरेएवढ्या उंचीचा, पांढरा रंगवलेला. थोरलीने मला उलटं वळवलं. धाकटी मागे जाऊन उभी राहिली. दोन ठोके. मी मागे. दोन ठोके. मी आणखी मागे. नळ माझ्या मागच्या कोपऱ्याशी आला. धाकटीचा हात वर गेला. मला तो काचेतून दिसत होता. तो तसाच वर राहिला.

ठोका आला नाही.

नळ मोडला, माझा मागचा पत्रा आत गेला आणि पाणी उसळलं. रखवालदार धावत आला. तो नवा होता, मुख्य कॉक कुठे आहे ते त्यालाही ठाऊक नव्हतं. चिंब भिजून तो एवढंच म्हणाला, "एवढं मैदान मोकळं पडलंय बाई, तुम्हाला नळच सापडला?" आणि कॉक शोधायला गेला.

थोरली उतरली.

"तू ठोकलं नाहीस."

"नाही ठोकलं."

"विसरलीस?"

"नाही ताई." धाकटीचं तोंड भिजलं होतं, ते पाण्याने की कशाने मला सांगता येत नाही. "पांढरा नळ. आरशात अख्खा दिसत होता. तुम्हाला दिसतो का, ते बघायचं होतं."

"मग तोंडाने विचारायचंस."

"विचारलं असतं तर दिसतो म्हणाला असतात."

पाणी पडत राहिलं. मग थोरली म्हणाली की गेल्या हिवाळ्यापासून दोन्ही बाजूंनी पडदे ओढल्यासारखं होतंय, समोरचं तेवढं दिसतं. हे कळलं की मुलं किल्ली काढून घेतील. मग तू तुझ्या टोकाला, मी माझ्या.

"तर जाऊ," धाकटी म्हणाली. "मला तुम्ही जिवंत हव्या आहात. कुठल्या टोकाला, ते मागाहून बघू. हायवेवर माझा हात पुरत नाही हो ताई."

जवळच्या गावातल्या डोळ्यांच्या डॉक्टरने सांगितलं, औषध रोज घातलं तर आहे तेवढी नजर टिकेल. गेलेली परत येणार नाही. गाडी बंद.

मला वाटलं, परत अंगण, परत मांजर. पण आम्ही त्या मैदानातच राहिलो. रखवालदाराने नवा नळ बसवला, यावेळी लाल, आणि त्याच्याभोवती जुने टायर रचले. धाकटीने शिकाऊ परवाना काढला. जन्मभर बसमध्ये उभी राहिलेली बाई पहिल्यांदा स्टीअरिंगवर बसली. हंगाम नसल्यामुळे आपटायला कोणी नव्हतं. पहिल्या दिवशी तिने मला पुढे न्यायच्या ऐवजी मागे नेलं. थोरली म्हणाली, निदान मागे तरी जमतंय.

आता थोरली माझ्या पाठीशी उभी राहते. मान इकडे वळवते, तिकडे वळवते, काठीने जमीन चाचपते आणि ठोकते. तिचे ठोके जड आहेत. धाकटी मला कोपऱ्यात नेत नाही. ती मैदानाच्या अगदी मधोमध थांबते आणि थोरली रोज नाक मुरडते.

मित्रांनो, माझ्यासारख्यांनी शेवटी काहीतरी शिकवायचं असतं. जुन्या गाडीच्या टायरची हवा बघत जा. तिला गवतात सोडून देऊ नका. आणि ती चालवणाऱ्या माणसाला, त्याला राग आला तरी, विचारा की तुला दिसतंय ना. नळ मोडेपर्यंत थांबू नका. धाकटीने केलं ते बरोबर की चूक, हे मला विचाराल तर माझा पुन्हा घोळ होईल. पत्रा माझा गेला आणि छप्परही माझंच राहिलं.

धाकटीला पक्का परवाना मिळाल्यावर, पहिल्या प्रवासाला निघायच्या सकाळी थोरली आत चहा करत होती. धाकटी पिशवी घेऊन आली आणि तिने सवयीने माझ्या पाठीवर दोन ठोके दिले. थोरलीने आतून विचारलं, "कोण आहे?" धाकटी म्हणाली, "मीच."