बावन्नचा भाव

नळदुर्गच्या शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या मुनवरनं बायकोच्या शिलाई मशीनसाठी साठवलेल्या सहाशे रुपयांचे सिमेंट कंपनीचे वीस शेअर घेतले होते. भाव रोज उसळत होता. पन्नास झाला की विकायचं, असं त्यानं ठरवलं होतं. मुंबईच्या पेपरात बावन्न दिसताच त्यानं पोस्टातून सोलापूरच्या दलालाला ट्रंक कॉल लावला.

"शेठ, विका सगळे! बावन्न झालाय!"

"मास्तर, तुमचा पेपर टपालानं येतो. तो भाव परवाचा. काल कारखान्याला टाळं लागलं, आज अठरा चाललाय. विकू?"

मुनवरनं हातातल्या पेपरावरची तारीख पाहिली. महिनाभर तो परवाचे भाव बघून आजचे बेत आखत होता, आणि हे विज्ञानाच्या मास्तराच्या एकदाही ध्यानात आलं नव्हतं.

"विका," तो कसाबसा म्हणाला.

"मोठ्यानं बोला, मास्तर! काय बी ऐकू येईना!"