चार चाकांची टाकी

"आधी काळी, मग करडी. उलटं केलंस तर पाइप धुवायला पाणीच उरणार नाही, आणि मग बस नाक धरून."

ऑरिन हे दर वेळी म्हणायचा आणि दर वेळी एव्हिसला घरगाडीच्या आतच बसवून ठेवायचा. काळी म्हणजे संडासाची टाकी, करडी म्हणजे मोरीच्या पाण्याची. नोकऱ्या संपल्यापासून दोघं उन्हाळाभर या गाडीतच राहत. वाक्य तिला पाठ होतं, पण व्हॉल्व्हच्या दांड्याला तिचा हात कधी लागला नव्हता. "हे पाच मिनिटांचं काम," तो म्हणे, "तू कॉफी गाळ."

ऑगस्टमधल्या एका सकाळी तो टाकी ओतून आला. हातमोजे धुऊन दोरीवर टाकले, बाहेरच्या लाकडी बाकावर बसला आणि उठलाच नाही. कॉफी गाळून झाली होती.

ती टाकी त्यांची नव्हती, शेजारच्या नॅडीनची होती.

मिशिगनच्या उत्तरेकडच्या या तळ्याकाठी प्रत्येक जागेला वीज आहे, नळ आहे, पण गटार नाही. मैला सोडायचा खड्डा थेट फाटकापाशी. टाकी भरली की लोक सगळी गाडी हलवून तिकडे नेतात, नाहीतर चाकांची छोटी टाकी आणून, तीत भरून, ओढत नेतात. नॅडीनची गाडी हलवणं शक्य नव्हतं. तिच्या हाडांत कर्करोग पसरला होता, नुसतं दार आपटलं तरी ती डोळे मिटून घ्यायची. डॉक्टरांनी हात टेकले तेव्हा तिने एकच मागणं केलं, मेपलची पानं लाल होऊन गळेपर्यंत मला तळ्यासमोर राहू द्या. तिचा नवरा क्लेमंट वॉकर धरून चालणारा, त्याच्याने काय होणार? जूनमध्ये ऑरिन तिच्या खिडकीशी उभा राहून म्हणाला होता, "तू फक्त तळं बघ, नॅडीन. तुझी टाकी माझ्याकडे लागली."

एव्हिस तेव्हा शेजारीच उभी होती. शब्द एकाने दिला असला तरी घरातून दोघांनी दिल्यासारखाच असतो, असं ती मानायची. म्हणून अंत्यविधीनंतर तिचा मुलगा तिला न्यायला आला तेव्हा ती म्हणाली, "पानं गळू देत. मग येते."

सप्टेंबर लागला. क्लेमंट भांडी बाहेरच्या नळावर घासायचा, आंघोळीला कॅम्पच्या न्हाणीघरात जायचा, तरी एक दिवस नॅडीनच्या गाडीत टाकी भरल्याचा लाल दिवा लागला. क्लेमंट त्याबद्दल काही बोलला नाही, एव्हिसलाच तो दारातून दिसला.

ऑरिनची जुनी टाकी शेडमध्ये होती. दोन चाकांची, मोठी. ओढायची तर पुढची बाजू हाताने उचलून धरावी लागे. पिकअपला अडकवायची तिची कडी कधीच तुटली होती. एव्हिसने रिकामीच उचलून पाहिली आणि खाली ठेवली. मग ती हायवेवरच्या लाइलच्या दुकानात गेली. घरगाड्यांचं सगळं सामान तिथे मिळायचं.

"या, एव्हिस," लाइल काउंटरमागून बाहेर आला. ऑरिनबद्दल चार शब्द बोलला, टोपी काढून. मग काय हवंय ते ऐकून त्याने टाक्यांची रांगच दाखवली. "ही छोटी. प्रवासाच्या बॅगेसारखी ओढत न्या. ही मोठी. भरली की म्हाताऱ्या घोड्यासारखी अडून बसते, शिव्या दिल्याशिवाय हलत नाही. तुम्ही काय शिव्या देणार."

"मग छोटीच दे."

"गाडीची टाकी केवढी आहे? कारण वरचं यायला लागलं की येतच राहतं. खालची भरली हे त्याला कोण सांगणार?"

"ऑरिन एका फेरीत संपवायचा. पाच मिनिटांत."

"ऑरिनची मोठी होती, एव्हिस."

"मला उचलेल तीच घेते," ती म्हणाली. लाइलने तीच पुढे ओढली. नव्या विधवेशी कोण वाद घालतं?

दुसऱ्या दिवशी सकाळी नेमाची प्रार्थना झाल्यावर ती नॅडीनच्या गाडीमागे गेली. पाइप जोडला, व्हॉल्व्ह ओढला. खळखळ आवाज येत राहिला. छोटी टाकी किती भरली हे कुठे पाहायचं ते तिला ठाऊक नव्हतं. आवाज एकदम बंद झाला तेव्हा तिला वाटलं, झालं. खरं तर खालची टाकी गळ्यापर्यंत भरली होती आणि पाइपही काठोकाठ. तिने व्हॉल्व्ह लोटून बंद केला आणि पाइप सोडवला. पुढचं सगळं तिच्या बुटांवर, पानांवर, नॅडीनच्या खिडकीखाली.

वास खिडकीतून आत गेलाच असणार. क्लेमंट वॉकर ढकलत, एका हातात बादली घेऊन आला. "राहू दे गं. मी ओततो पाणी."

"तू पडशील. जा तिकडे."

"पडलो तर मऊ जागेत पडेन," क्लेमंट म्हणाला. ती हसली नाही. चुन्याची पिशवी आणली, फावड्याने पानं गोळा केली, पाणी मारलं, परत चुना टाकला. सगळा वेळ तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि पुसायला एकही हात स्वच्छ नव्हता.

"एव्हिस," आतून नॅडीनचा आवाज आला. "हात धू आणि आत ये."

नॅडीन उशांना टेकून पडली होती. चेहरा आणखी लहान झाला होता. खिडकीत तळं होतं, पलीकडच्या काठावर लाली चढायला लागली होती.

"आम्ही सोमवारी निघतो," ती म्हणाली. "मुलीला कळवलंय."

"एकदा सांडलं म्हणून? अगं, मी शिकेन."

"सांडलं म्हणून नाही." नॅडीनने पांघरुणाची कड बोटांत धरली. "ऑरिन दोन फेऱ्या मारायचा, तुला माहीत आहे?"

"दोन?"

"जूनमध्ये एकच मारायचा. मग अर्धी अर्धी न्यायला लागला. फाटकाकडचा चढ लागतो ना, तिथे थांबायचा. बर्चच्या झाडाला हात टेकून उभा राहायचा, बराच वेळ. मला इथून दिसायचं सगळं." ती थांबली. श्वास घ्यायलाही तिला जोर लागत होता. "मी तुला सांगायला हवं होतं. तुला तरी, नाहीतर त्याला म्हणायला हवं होतं की पुरे. पण मग आम्हाला जावं लागलं असतं. मला तळं हवं होतं, एव्हिस. म्हणून मी गप्प राहिले."

एव्हिस उभीच होती. ऑरिन घामाने भिजून यायचा तेव्हा म्हणायचा, काय उकाडा आहे. तिने प्रत्येक वेळी खरं मानलं होतं, पंखा त्याच्याकडे वळवला होता.

ती दार हळूच लावून बाहेर पडली. त्याही वेळी दार हळू लावायचं तिच्या हाताला आठवलं, आणि त्याचाच तिला राग आला.

संध्याकाळी ती गुडघे टेकून बसली, पण शब्द येईनात. ज्यांच्यासाठी रोज नाव घेऊन मागायची त्यांत नॅडीनचं नाव होतं. ते आज ओठांपर्यंत आलं आणि तिथेच अडकलं. आधी नॅडीनचा राग आला, मग ऑरिनचा. पाच मिनिटांचं काम म्हणे. बायकोला फसवून झाडाला टेकून उभा राहणारा माणूस. देवाला सांगण्यासारखं तिच्याकडे एवढंच होतं, तेच तिने सांगितलं आणि ती तशीच उठली.

सकाळी प्रार्थनेआधी कॉफी घ्यायची नाही हा तिचा लहानपणापासूनचा नेम. त्या दिवशी कप समोर गार झाला तरी ती बसून राहिली. शेवटी तिने नॅडीनचं नाव घेतलं. माफ केलं म्हणून नव्हे. त्या बाईला दुखत होतं, तेवढ्यासाठी. मग कॉफी न घेताच तिने पिकअप काढली.

"वापरलेली परत घेत नाही," छोटी टाकी बघून लाइल म्हणाला.

"परत नको घेऊस. दुसरी दे. मला उचलावी लागणार नाही अशी. आणि ती नॅडीनसाठी आहे, परवा मी नीट सांगितलं नाही. तिच्या गाडीची टाकी केवढी ते मी क्लेमंटला विचारून आलेय."

लाइलने कोपऱ्यातली चार चाकांची टाकी पुढे ओढली. "पुढची चाकं वळतात. ही कडी पिकअपला अडकवायची, उचलायचं काही नाही. माणूस चालतो त्याच वेगाने न्यायची, त्याहून जोरात नाही. आणि पाइपच्या तोंडाशी हा पारदर्शक तुकडा लावा. पाणी चढलेलं दिसलं की लगेच व्हॉल्व्ह बंद. पाइपमधलं उतरायला टाकीत जागा राहिली पाहिजे." त्याने दुकानातल्या नळाचं पाणी सोडून तिला तीनतीनदा करायला लावलं. "हां. आता जमलं."

पिकअपच्या मागच्या फळीवर टाकी चढवताना तो म्हणाला, "ऑरिन वसंतात हीच बघून गेला होता. हात फिरवून बघितला चाकांवर. म्हणाला, जुनी अजून चालतेय, पुढच्या हंगामात घेतो."

एव्हिसने फळी लावली. फळीची कडी नीट बसली का ते दोनदा पाहिलं. "तो सगळंच पुढच्या हंगामात घ्यायचा," ती म्हणाली.

ती परत आली तेव्हा क्लेमंट दारावरचं कापडी छप्पर गुंडाळत होता. एका हाताने वॉकर, एका हाताने कापड, त्यामुळे घडी काही केल्या सरळ येत नव्हती.

"ते परत उघड," एव्हिस म्हणाली.

"अगं, ती ऐकायची नाही. रात्रभर रडलीये. म्हणते, तुझ्यासमोर तोंड दाखवायला जागा नाही."

"तोंड नको दाखवू म्हणावं. तळं बघ म्हणावं."

क्लेमंटने कापड हातातच धरून ठेवलं. "तू खरंच करणार आहेस? अजून महिनाभर?"

"पानं गळेपर्यंत असं ठरलं होतं." तिचा आवाज नेहमीसारखाच खालचा होता. "तिला सांग, मला राग आहे. अजून आहे, आणि किती दिवस राहील ते मला माहीत नाही. पण टाकी रिकामी होईल."

क्लेमंट आत गेला. मग खिडकीचा पडदा, जो सकाळपासून ओढलेला होता, थोडा थोडा करत बाजूला झाला.

एव्हिसने तिकडे पाहिलं नाही. तिने नवे हातमोजे चढवले, टाकीची कडी पिकअपला अडकवली आणि खिडकीखालून जाताना इंजिनाचा आवाज वाढू नये म्हणून गाडी अगदी हळू, माणूस चालतो तशी, नॅडीनच्या गाडीमागे घेऊ लागली.