आरपार लाल

"आरपार दिसणारी नको म्हणजे नको," आमचे हे म्हणाले आणि डाव्या हाताने अख्खा ढीग टेबलाच्या पलीकडे सारला.

दुकानदाराच्या मागे लागून मी विमानावर चढवायच्या फिल्मचे नमुने घरी आणले होते. माझा जन्म शिवणकामात गेला. कापड बोटांत चुरगाळून बघितल्याशिवाय मी कधी विकत घेतलं नाही, मग ही फिल्म तरी तशी का घ्यावी? टेबलावर दोन ढीग होते. एकात आरपार दिसणारे तुकडे, लाल, निळे, पिवळे. दुसऱ्यात गच्च रंगाचे, ज्यांच्या मागे दिवा धरला तरी काही दिसत नाही. यांनी त्यातला चॉकलेटी उचलला. चॉकलेटी! विमान आहे की कपाट?

ज्यांना हा नाद माहीत नाही त्यांना सांगते. रिमोटवर उडवायच्या विमानाचा आधी सांगाडा करतात, बाल्सा नावाच्या हलक्या लाकडाचा. पंखात ओळीने पातळ फासळ्या बसवतात. मग त्यावर ही फिल्म चढवायची. ती असते प्लॅस्टिकची, मागच्या बाजूला गोंद. छोट्या इस्त्रीने कडा चिकटवायच्या आणि मग सगळीकडून गरम करायची, की ती आकसते आणि पंख टणटणीत ताणला जातो. फिल्म कोणती घ्यायची यावर ही मंडळी मुलीचं स्थळ बघताना घालणार नाहीत इतका वाद घालतात.

आमच्या ह्यांना विमानं उडवायच्या मैदानावर सगळे कप्तान म्हणतात. कप्तानांचं विमान म्हणजे आरपारच, हे ठरलेलं. लोक ते उन्हात धरून आतल्या फासळ्या बघायचे आणि वा वा करायचे. ह्यांची छाती त्या वेळी अशी फुगायची की मला हसू यायचं. गच्च रंगाची फिल्म लावणाऱ्यांना हे तोंडावर विचारायचे, "काय लपवताय?"

आणि मग गेल्या वर्षी उजव्या अंगावरून वारं गेलं. पायात बळ बऱ्यापैकी परत आलं. हात काही आला नाही.

कितीतरी महिने हे खिडकीशी बसून होते. मैदानाचं नाव काढलं की तोंड फिरवायचे. घड्याळं दुरुस्त करणारे यांचे जुने दोस्त घड्याळजी दर आठवड्याला दारात यायचे आणि चहा पिऊन जायचे, कारण कप्तान झोपलेत असं मला सांगावं लागायचं. मग एक दिवस यांनी बाल्साच्या काड्या मागितल्या. मी मुकाट्याने आणून दिल्या. डाव्या हाताने, लाकूड दातात धरून, कोपराखाली दाबून यांनी एक सांगाडा उभा केला. मोठ्या पंखांचं, हळू तरंगणारं विमान. कितीदा मोडलं, कितीदा शिव्या ऐकल्या, विचारू नका. फासळ्या तिरक्या बसल्या. गोंद जिथे थेंबभर लागतो तिथे गोळे झाले. पण झालं! मला तर ते आजवरच्या सगळ्या विमानांहून देखणं वाटत होतं, पण मी म्हणजे घरची.

तर चॉकलेटी. मी स्वयंपाकघरातला वजनकाटा आणला आणि सांगाडा त्यावर ठेवला. गोंदामुळे तो आधीच अंगाने भरलेला. मग पंखांना लागेल तेवढी एक फिल्म ठेवून बघितली, मग दुसरी. गच्च रंगाची चांगलीच जड निघाली. रंगाचंही वजन असतं, साडीच्या बाबतीत मला ते कधीच कळलंय.

"बघा काटा," मी म्हटलं.

"दिसतंय मला. डोळे शाबूत आहेत."

"आणि जड झालं की काय होतं? तुम्हीच मैदानावरच्या त्या दातांच्या डॉक्टरांना झापलं होतंत ना, जड विमान वेगात उतरतं आणि वेगात उतरणाऱ्याला दोन्ही हात तयार लागतात म्हणून? तुमचे किती तयार आहेत?"

बोलून गेले. जीभ चावली, पण सुटलेला शब्द काय परत येतो? यांचा चेहरा पडला. मला वाटलं, आता उठून खिडकीकडे जाणार. पण नाही, तिथेच बसून राहिले आणि हळू म्हणाले, "अगं, मला कळत नाही का? हलकी फिल्म लावली तर नीट उडेल. पण ते उचलून बघतील. आत बघतील, आणि गप्प होतील. कोणी काही बोलणार नाही, छान आहे म्हणतील. मला ते त्यांचं गप्प होणं नको. झाकलेलं असलं तरच मी मैदानावर येतो. नाहीतर हे इथेच माळ्यावर ठेव."

झाकलं तर आपटणार, नाही झाकलं तर माणूस घराबाहेर पडणार नाही. आणि एकदा आपटलं की पुन्हा हातात काडी धरणार नाहीत, हे मला लख्ख दिसत होतं. डोक्यात तिडीक गेली. पण आणली मी चॉकलेटी. नवऱ्याला माळ्यावर ठेवण्यापेक्षा बरं.

फिल्म चढवायला एकाच माणसाचे दोन हात लागतात, एक ताणायला आणि एक इस्त्रीला. म्हणून इस्त्री माझ्याकडे आली. "मी असल्याशिवाय हात लावू नकोस," असं यांनी बजावलं होतं. पण यांच्या हातापायांचा व्यायाम करवून घेणारी मुलगी आतल्या खोलीत यांना घेऊन बसली, आणि मला वाटलं, तेवढ्यात एक पंख उरकून टाकू. इस्त्रीत मला कोण शिकवणार? तीस वर्षं माझ्या हातची इस्त्री अख्ख्या गल्लीने नेसली.

आणि नेमकी तिथेच माती खाल्ली. आम्हा शिवणाऱ्यांची सवय अशी की एक बाजू पुरती करायची, कडक, सुरकुती म्हणून ठेवायची नाही, आणि मग पालथी घालायची. मी पंखाची खालची बाजू तशीच केली. शेवटपर्यंत तापवली. काय सुंदर ताणली गेली! बोट मारलं की टणकन आवाज. आणि माझ्या डोळ्यांदेखत पंखाने अंग मुरगळलं. टोक वर आलं, कड फिरली, वाळलेल्या पानासारखा पंख वाकडा झाला. वरून ताणायला काही नव्हतंच ना! दोन्ही बाजू आधी नुसत्या चिकटवून मग थोडी ही, थोडी ती, अशा ताणायच्या असतात. कापड ओढत नाही, ही बया ओढते.

मी इस्त्री बंद केली. कित्येक दिवसांचं काम त्यांचं, आणि पाव तासात वाट लावली मी.

हे दारात येऊन उभे राहिले. पंखाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "ओरडा. एकदाचं ओरडून घ्या."

"सोल," ते म्हणाले.

मी पात्याच्या टोकाने फिल्म सोडवत गेले. फिल्म निघाली तसा पंख हळूहळू सरळ होत आला. यांनी तो जवळ ओढला आणि एकेका फासळीवरून अंगठा फिरवायला लागले. दाबून बघत होते, हलवून बघत होते, कानाशी नेऊन टिचकी मारत होते. एक काडी जरी मोडलेली निघाली असती तरी मी स्वतःला माफ केलं नसतं.

"एकही नाही," ते म्हणाले.

"काय एकही नाही?"

"एकही जोड सुटला नाही." पुन्हा पहिल्यापासून अंगठा फिरवला. "एवढा पीळ बसला. माझ्या पूर्वीच्या नाजूक पंखांना बसला असता तर कुठेतरी कटकन आवाज आला असता. हे गोळे बघ, किती घाण दिसतात. पण धरून बसलेत."

ते किती तरी वेळ पंख मांडीवर घेऊन बसले होते. संध्याकाळी मी पिशवी घेऊन दुकानात निघाले, चॉकलेटीचा आणखी तुकडा आणायला, तर मागून आवाज आला.

"आरपारची आण. लाल."

मला त्यांना मिठी मारावी की एक धपाटा घालावा कळेना. "आधी का नाही सुचलं?" एवढंच म्हणून मी जिना उतरले.

या वेळी दोघांनी मिळून चढवली. उजवा हात यांनी डाव्याने उचलला आणि पंखावर ठेवला, पंख हलू नये म्हणून. "वर्षभर बसून खातोय," म्हणाले, "जरा कामाला लावू." मी इतकी हसले की इस्त्री बाजूला ठेवावी लागली. मग थोडी वरून, थोडी खालून, हे सांगतील तशी. आकाशात कुठली बाजू कोणती ते कळावं म्हणून एका टोकाला काळा पट्टा लावला. आरपार फिल्म लांबून डोळ्यांना फसवते.

रविवारी सकाळी मैदानावर गेलो. एरवी रिमोटच्या दोन काड्या दोन्ही हातांनी हलवायच्या असतात; घड्याळजींनी सगळी कळसूत्रं आधीच डाव्या काडीवर आणून दिली होती. हे घडीच्या खुर्चीत बसले, रिमोट गळ्यात, काठी खुर्चीला टेकवलेली. विमान मी धरून ठेवलं होतं, मुद्दाम पंखांवर पदर ओढून. उगाच आधीच कोणी डोकावायला नको. घड्याळजींनी ते माझ्या हातातून घेतलं आणि दोन पावलं धावून वाऱ्यावर सोडलं.

उडालं हो! एकदा खाली दबलं, मग सावरलं, आणि वर जाऊन सावकाश फिरायला लागलं. सूर्य पंखातून लाल होऊन यायचा. यांच्या कपाळावर घाम, जीभ ओठांत धरलेली, अगदी शाळकरी पोरासारखी. उतरवताना तर ते इतकं हळू आलं की गवतावर टेकलेलं मला कळलंही नाही. पण टेकलं लांब, मैदानाच्या मध्यावर.

मैदानावर एक रीत आहे. ज्याचं विमान, त्याने आणायचं. त्याने सांगितल्याशिवाय दुसऱ्याने हात लावायचा नाही. पण दातांचे डॉक्टर निघालेच, "कप्तान, तुम्ही बसा, मी आणतो."

"थांबा," हे म्हणाले आणि काठी घेऊन उठले.

गेले, पाय जरा ओढत, पण गेले. विमानापाशी पोहोचले आणि उभेच राहिले. तेव्हा माझ्या ध्यानात आलं. हात एक, आणि त्यात काठी. यांनी काठी गवतावर टाकली. वाकले, मला वाटलं आता पडतात, पण विमान उचलून उभे राहिले आणि तसेच परत निघाले, काठीशिवाय. डॉक्टर पुन्हा पुढे झाले.

"कोणी हललं तर माझ्याशी गाठ आहे," मी म्हटलं. आवाज जरा मोठाच लागला. कोणी हललं नाही.

हे आले. धापा टाकत घड्याळजींसमोर उभे राहिले आणि पंख उन्हात उंच धरला. तिरक्या फासळ्या, गोंदाचे गोळे, सगळं लख्ख. "बघा," म्हणाले, "डाव्या हाताचं आहे."

सगळे गप्प झाले. ज्याची भीती होती तेच. घड्याळजींनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला आणि जवळ जाऊन बघायला लागले, घड्याळात बघतात तसे.

"ही फासळी तिरकी बसलीये, कप्तान."

"एकच?" हे म्हणाले. "अहो, नीट बघा की! तिच्या शेजारचीही तिरकीच आहे. आणि शेपटीकडे तर विचारूच नका."

आणि एकेक दाखवत सुटले. ही कधी मोडली, ती कशी दातात धरली, इथे गोंद कसा सांडला. सगळे डोकी खुपसून बघत होते, हसत होते, मध्येच कोणीतरी चिडवत होतं आणि हे उलट उत्तर देत होते. काठी तिकडे गवतात पडली होती. ती आणायला मी निघाले, कारण मला रडू आवरेना आणि ते कोणाला दाखवायचं नव्हतं.