सूरजबाईंनी उसवलेली स्लीपिंग बॅग

वैशाखात वाशीमच्या एसटीत कोणी स्लीपिंग बॅग घेऊन चढलं, की लोक त्याच्याकडे कसे बघतात हे मी पुष्कळदा अनुभवलंय, मित्रांनो. बाहेर अंगाची लाही लाही होत असते, कंडक्टर रुमालानं मान पुसत असतो, आणि माझ्या मालकाच्या, विनोदच्या मांडीवर हे माझं फुगीर गाठोडं! "काहून बे, थंडी वाजून राह्यली का?" असा एक तरी टोमणा यायचाच. मी मनात म्हणायचे, बोला लेकांनो. माझं काम जिथं आहे, तिथं तुम्ही दहा मिनिटं टिकणार नाही. गर्व होता मला. खोटं कशाला बोलू?

तर मी एक म्हातारी, ठिगळ लावलेली स्लीपिंग बॅग. अंगात शिरायचं, गळ्यापर्यंत चेन ओढायची आणि निजायचं, अशी ही रजई. माझा जन्म हिमालयाच्या पायथ्याशी एका शिलाई कारखान्यात झाला. वरचं कापड असं गुळगुळीत, की दव पडलं तर घरंगळून खाली जाईल. आत छोटे छोटे कप्पे, आणि प्रत्येक कप्प्यात बदकांची मऊ पिसं. ती कुठून आली, कशी आली, हा विचार मी कधी केला नाही. मला वाटे, ऊब ही माझी स्वतःचीच आहे.

आसेगावजवळच्या तांड्यावरचा विनोद कामाच्या शोधात तिकडे आला, तेव्हा आमची गाठ पडली. तांड्यावरची माणसं हंगामात कामाला बाहेर जातातच. हा मात्र भलतीकडेच, डोंगरात गेला. आधी ओझी वाहिली, मग शिकून गाइड झाला. मी त्याची पहिली कमाई. किती वर्षं आम्ही बर्फात एकत्र काढली! एकदा पाय घसरून ओढ्यात पडलेल्या एका माणसाला विनोदनं माझ्यात कोंबलं आणि स्वतः रात्रभर शेकोटीपाशी बसून राहिला. सकाळी त्या माणसानं चहा मागितला, तेव्हा विनोदनं मला थोपटलं. "तू हायेस म्हनून," म्हणाला. त्या तीन शब्दांवर मी पुढची कितीतरी वर्षं जगले.

पुढे विनोदच्या मनात आलं की आपल्या जिल्ह्यातली पोरंही एकदा तो बर्फ बघून यावीत. यंदा त्यानं एक उंच खिंड निवडली आणि तयारी सुरू केली. शिरपूरला फूलचंद शेटजींच्या किराणा दुकानावरच्या खोलीत बैठका व्हायच्या. शेटजींचा मुलगा अर्हम, तांड्यावरची चंदा, अशी सातआठ पोरं गोल बसायची. कोण काय उचलणार, पाणी कुठं भरायचं, कुठल्या मुक्कामाला जास्तीचा दिवस थांबायचं, सगळं विनोद खडूनं फरशीवर काढून दाखवायचा.

या सगळ्यात खरा प्रश्न होता तो अर्हमचा. लहानपणी त्याला दम्याचा त्रास होता. आता बरीच वर्षं छाती स्वच्छ होती, डॉक्टरांनी तपासून हो म्हटलं होतं, औषधाचा पंप जवळ ठेवायला सांगितलं होतं. पण त्याची आजी सूरजबाई! आईमागं याला तिनंच वाढवलेलं. ती खोलीच्या दारात पाटावर बसून सगळं ऐकायची आणि मध्येच विचारायची, "सूर्य बुडाल्यावर हा जेवत नाई. तिथं कसं करशीन?"

"सगळ्यांचंच जेवन उजेडात, आजी. अंधारात सैपाक करून करायचं काय?"

"कांदा, आलू, लसून?"

"याच्या सैपाकाचं गंज-भांडं येगळं."

"पानी गाळून?"

"गाळून अन् उकळून."

एकेक करून आजीचे सगळे प्रश्न संपले. शेवटी ती म्हणाली, "ने मंग. पन पोरगा जसा देऊन राह्यली, तसाच मले वापस पायजे." विनोदनं मान डोलावली आणि जाताना मला अर्हमच्या हातात दिलं. "माह्याजवळची सगळ्यात गरम चीज हाय हे. तुले थंडी जास्त वाजते, म्हनून तुले देऊन राह्यलो. जीव लावजो."

इथंच एक गोष्ट राहिली, मित्रांनो. माझ्या पोटात काय आहे, हे ना आजीनं विचारलं, ना विनोदनं सांगितलं. वर्षानुवर्षं पिसांत निजणाऱ्याला ते सांगण्यासारखं वाटलंच नाही.

दोनतीन दिवसांनी आजीनं मला गच्चीवर उन्हात घातलं. नातवाच्या अंगाला लागणारी वस्तू म्हणून ती माझ्यावरून हात फिरवत होती, तोच जुन्या शिवणीतून एक पीस बाहेर डोकावलं. तिनं ते चिमटीत धरलं आणि हाक मारली.

"अर्हम, हे काय हाय रे?"

"पीस हाय, आजी. बदकाचं."

"आत सगळे हेच?"

"हाव."

आजीनं ते पीस उन्हात धरून पाहिलं. मग हळूच म्हणाली, "आपल्या मुनी महाराजांच्या हातात मोरपिसांची पिच्छी रायते, किडामुंगी बाजूले साराले. ते पिसं मोरानं सोताहून गाळलेले असतात. हे गळलेले हायत, का उपटलेले?"

अर्हमनं खाली पाहिलं. तेवढ्यानं ती समजली. तुम्हाला सांगते, त्या क्षणी मला स्वतःचीच लाज वाटली. इतकी वर्षं जिच्या जिवावर मी मिरवले, ती ऊब कोणाच्या तरी अंगावरून ओरबाडून आणलेली होती. आणि ते मला कोणी कधी विचारलंही नव्हतं. आजीनं विचारलं.

"याच्यात तू निजशीन त म्या तुले जाऊ देनार नाई," ती म्हणाली. "जीव गेला तरी नाई."

दुसऱ्या दिवशी तिनं मला उसवलं. एकेक कप्पा कात्रीनं उघडला, पिसं जुन्या लुगड्यात गोळा केली, शेताच्या बांधावर खड्डा करून णमोकार मंत्र म्हणत पुरली. मग गादीवाल्याकडून कापूस पिंजून आणवला, स्वतः विंचरला आणि मूठमूठ माझ्यात भरला. चांगला पांढराशुभ्र, घरच्या शेतातला. आपल्याकडे तर कापसाची रजई म्हणजेच ऊब. तिची माया खोटी नव्हती हो. दुपारभर डोळ्यांवर चष्मा ताणून ती टाके घालत होती आणि मी मुकाट्यानं भरत होते. पण मला माहीत होतं. कापूस कोरडा आहे तोवर ठीक. एकदा का तो ओला झाला, की तो अंगातली ऊब पिऊन टाकतो आणि वाळायचं नाव घेत नाही. वरून तिच्या सुईनं माझ्या गुळगुळीत कापडाची पार चाळण करून टाकली होती.

आणि अर्हमलाही माहीत होतं! खडूनं फरशीवर लिहून विनोदनं सांगितलं होतं, की वर बर्फात सुती कपडा चालत नाही. पण तो बोलणार कसा? विनोदला सांगावं, तर तो नेणार नाही. कापूस नको म्हणावं, तर आजी सोडणार नाही. इकडे आड, तिकडे विहीर. पोरानं मधला मार्ग काढला. त्यानं तोंड शिवून घेतलं.

विनोदची एक पद्धत होती. निघण्याआधी तो सगळ्यांना वाशीमला एका ओळखीच्या आइस्क्रीमवाल्याच्या बर्फखोलीत निजवायचा. भर दुपारी, बाहेर ऊन मी म्हणत असताना! ज्यानं त्यानं आपल्या बॅगेत शिरायचं, वरून तांब्यानं पाणी शिंपडलं जायचं, कारण तंबूच्या छतातून दव गळतंच. तास काढायचा. कोणाची बॅग टिकते, कोण घाबरतं, सगळं इथंच कळलेलं बरं, असं त्याचं म्हणणं.

त्या दिवशी आजीही डबा घेऊन आली. अर्हम माझ्यात शिरला. विनोदनं मला वरून पाहिलं आणि खूश झाला.

"लय फुगली बे माही बॅग! ऊन चांगलं देल्लं वाटते."

"आजीनं देल्लं," अर्हम म्हणाला. तो हसला नाही.

अहो, मी फुगले होते ती कापसानं! विनोद, हात लाव रे एकदा, मी मनात ओरडत होते. आपल्या पिशवीचं वजन तुला हातात घेताच कळेल. पण तो पुढच्या पोराची चेन बघायला वळला. मग पाणी आलं. इतर बॅगांवरून ते ओघळून गेलं. माझ्या टाक्याटाक्यांतून आत शिरलं. कापूस ते घटाघटा प्यायला.

दार लागलं. थंडी हळूहळू आली, आधी पायांकडून. अर्हमनं गुडघे पोटाशी घेतले. त्याचे दात वाजू लागले, तसा त्यानं रुमाल तोंडात धरला, शेजारच्या चंदाला ऐकू जाऊ नये म्हणून. मी मिटून घ्यायचा किती प्रयत्न केला! पण ओला कापूस एका बाजूला गोळा होऊन बसला होता, आणि त्याच्या पाठीखाली नुसतं कापड उरलं होतं. मग मला आतून एक बारीक शिट्टी ऐकू आली. त्याच्या छातीतून. श्वास आत, शिट्टी. श्वास बाहेर, शिट्टी.

दार किलकिलं झालं. "चंदा?" विनोदनं विचारलं.

"बरी हावो, भाऊ."

"अर्हम?"

"बरा... हाव."

"आवाज काहून असा येऊन राह्यला तुहा?"

"तोंड... बॅगीत हाय."

दार पुन्हा लागलं. मित्रांनो, बर्फाच्या वादळात मी कधी घाबरले नव्हते. वाशीमच्या भर वस्तीत, बाहेर रिक्षांचे भोंगे ऐकू येत असताना, मी भीतीनं गारठले. पोरगं माझ्या पोटात होतं आणि मी त्याला काही देऊ शकत नव्हते.

सूरजबाई दाराशीच होती. "मले एक डाव पाहू दे," म्हणून तिनं विनोदच्या मागं लकडा लावला होता. शेवटी तिच्या अंगावर दोन शाली घालून त्यानं तिला आत आणलं. ती अर्हमजवळ वाकली. घरी झोपलेल्या नातवाच्या गळ्याशी ती जसा हात घालून बघायची, तसा तिनं माझ्यात हात घातला. तो ओल्या थंडगार कापसात रुतला. तिनं त्याच्या तोंडाकडे पाहिलं. ओठ जांभळे पडले होते. अर्हमनं डोळ्यांनीच तिला खुणावलं, बोलू नको. गप्प राहिली असती तर तिनं केलेलं झाकलं गेलं असतं, नातवाची वारी झाली असती. तिनं क्षणभरही वाट पाहिली नाही.

"विनोद! काढ याले! आत कापूस हाय, म्या उसवली तुही बॅग! काढ पहिले!"

विनोदनं चेन धरून ओढली. चेन हलेना. आजीचा एक दोरा तिच्या दातांत अडकला होता. त्यानं दोनदा हिसडा दिला आणि मग खिशातला चाकू काढून मला गळ्यापासून खालपर्यंत फाडलं. हात जरासुद्धा थांबला नाही त्याचा. त्याची पहिली कमाई होते मी! पण तुम्हाला शपथेवर सांगते, इतक्या वर्षांत त्याचा इतका अभिमान मला कधी वाटला नव्हता.

अर्हमला माझ्यासकट उचलून त्यानं बाहेर तापलेल्या ओट्यावर बसवलं, ओले कपडे काढले. आजीनं कमरेचा बटवा सोडून पंप काढला. चंदानं तो त्याच्या तोंडाशी धरला. हळूहळू शिट्टी बारीक होत गेली, ओठांवर रंग आला. वैशाखाच्या उन्हाला मी पहिल्यांदा हात जोडले.

आजी रडत होती. "पोरा, म्या मारलं असतं रे याले. मायेनं मारलं असतं."

"आजी, तुमाले मालूम नवतं," विनोद म्हणाला. "बिनपिसाच्या बॅगा भेटतात ना, पॉलिस्टरच्या धाग्याच्या. मले इचारलं असतं, त तेच आनली असती. अन् मीबी सांगाले पायजे होतं." मग तो अर्हमकडे वळला, आणि त्याचा आवाज बदलला. "तुले मात्र मालूम होतं."

अर्हम हातातला ओला रुमाल पिळत राहिला.

"तिथं वर मी तुले इचारन, बरा हायेस का. तू हाव म्हनशीन, अन् मी सगळ्यांले घेऊन पुढं चालन. तुह्या एका हावपायी मी कोनाकोनाले खाली आनू? यंदा मी तुले नेत नाई."

"धाग्याची आनतो ना मी," अर्हम म्हणाला. "उद्याच आनतो."

"बॅगीचं नाई म्हनून राह्यलो मी."

आजीनं पदर पसरला, शेटजींनी फोन करून पाहिला. विनोद बधला नाही.

ठरलेल्या दिवशी बाकीची पोरं वाशीम स्टेशनावरून निघाली. अर्हम त्यांना पोचवायला आला होता. मला त्यानं परत करायला सोबत घेतलं होतं, फाडलेली, कापूस लोंबणारी. विनोदनं मला हातात घेतलं, थोडा वेळ पाहिलं आणि पुन्हा त्याच्याकडेच दिलं. गाडीची घोषणा झाली. पोरं सामान चढवू लागली.

"कसा हायेस?" विनोदनं विचारलं.

अर्हमच्या ओठांवर सवयीनं 'बरा' आलं होतं. मला दिसलं ते. त्यानं ते गिळलं.

"बरा नाई," तो म्हणाला, आणि त्याला रडू फुटलं. "लय वाईट वाटून राह्यलं, भाऊ. मले यायचं होतं."

विनोदनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "हे असं बोलाले शिक. मंग पुढच्या साली सगळ्यात पहिलं नाव तुहं."

गाडी गेली. आम्ही दोघं फलाटावर बराच वेळ बसून होतो.

आता मी शिरपूरला आजीच्या खाटेवर गादी होऊन पडले आहे. माझ्यात आता कोणाचं पीस नाही, याचं मला समाधान आहे. बर्फ पुन्हा दिसणार नाही, याचं दुःखही आहे. दोन्ही खरं. मित्रांनो, दुसऱ्याची वस्तू उसवण्याआधी त्याला एकदा विचारा. आपली वस्तू देताना तिच्या पोटात काय आहे ते सांगा. आणि तुम्हाला थंडी वाजत असेल, तर कोणासाठीही, अगदी लाडक्या आजीसाठीसुद्धा, वाजत नाही असं म्हणू नका. आम्ही वस्तू शेजारी असूनही तुमच्या वतीनं बोलू शकत नाही.