वगळलेल्या सात दीर्घिका

अमरावतीला पीएच.डी. करणाऱ्या रागिणीशी तिचे मार्गदर्शक कुलदीप सर तीन महिने कामापुरतंही धड बोलत नव्हते. कारण होत्या सात दीर्घिका.

तिचा विषय क्वेसारचा, म्हणजे दीर्घिकांच्या लखलखत्या केंद्रांचा. अब्जावधी ताऱ्यांच्या दीर्घिकेच्या मध्यावरचं प्रचंड कृष्णविवर भोवतालचा वायू गिळताना दोन बाजूंना झोत फेकतं. ते झोत वायू तापवतात, बाहेर उधळतात. मग तारे जन्मायला वायूच उरत नाही. सर पंधरा वर्षं हेच मांडत होते, त्यावरच त्यांचं नाव झालं होतं. रागिणीने तपासलेल्या एक्केचाळीस दीर्घिकांपैकी चौतीस त्यांच्या बाजूने होत्या. उरलेल्या सातांत मात्र झोताच्या कडेला वायू दाबला जाऊन नवे तारे जन्मत होते.

निरीक्षणं सदोष आहेत असं म्हणत सरांनी त्या सात वगळायला सांगितल्या. तिने दुसऱ्या दुर्बिणीची निरीक्षणं मिळवून पुन्हा तपासलं. तारे होतेच. मग सरांनी तिला न विचारता दोघांच्या नावाने चौतीस दीर्घिकांचा शोधनिबंध पाठवला. तो छापून आल्याचं तिला विभागाच्या सूचनाफलकावरून कळलं. ती जाब विचारायला गेली, तेव्हा ते म्हणाले, बार्शीटाकळीच्या बाजारात भाजी विकणाऱ्यांच्या घरातून इथवर आलीस, एवढ्यावर समाधान मान.

प्रबंधाआधीच्या सादरीकरणाला वर्षाली मॅडम बाहेरच्या तज्ज्ञ म्हणून आल्या होत्या. रागिणीने एक्केचाळीसच्या एक्केचाळीस दीर्घिका पडद्यावर लावल्या. छापलेल्या निबंधात तर चौतीसच आहेत, बाकीच्यांचा उल्लेखही नाही, असं का, मॅडमनी विचारलं.

सर जागेवरून उठले. ‘‘यादी हिने केली होती. मी हिच्यावर विश्वास ठेवला, तीच माझी चूक.’’

पहिल्याच वर्षी सरांनी तिच्या बोलीची सगळ्यांसमोर नक्कल केली होती. तेव्हापासून ती विभागात जपून, पुस्तकी मराठी बोलायची. त्या दिवशी ते भान राहिलं नाही.

‘‘खोटं बोलून राहिले तुमी, सर. मले न विचारता तुमी त्या काढल्या. तुमचा मेल हाय माह्यापाशी.’’

तिने मेल पडद्यावर लावला. एकाच ओळीचा होता: सातही काढून टाक, चर्चा नको. सरांनी तो वाचला आणि कुणाकडेही न बघता ते निघून गेले.

निबंध मागे घ्यावा लागला. सरांनी तिचं मार्गदर्शन सोडलं आणि विभागातल्या दुसऱ्या कुणी तिला घेतलं नाही. कालपर्यंत तिच्याबरोबर डबा खाणारेही तिला टाळू लागले. शेवटी अकोल्याच्या एका महाविद्यालयातले देवराव सर तयार झाले. ते फार मोठे संशोधक नव्हते, पण तिचा प्रत्येक आकडा त्यांनी स्वतः मोजून पाहिला. त्यात दोन वर्षं गेली. त्या काळात कुलदीप सरांनी तिच्याविरुद्ध महाविद्यालयाला तीन पत्रं लिहिली. देवराव सरांनी तिन्ही तिच्या हातात दिली.

प्रबंध मंजूर झाला. झोत बहुतेक ठिकाणी ताऱ्यांचा जन्म रोखतात, पण काही ठिकाणी त्यालाच चालना देतात, एवढंच त्यात होतं.

पुढे एकदा बडनेरा स्टेशनवर कुलदीप सर समोरून आले. तिला पाहून त्यांनी मान वळवली. तिनेही नमस्कार केला नाही. गाडी येईपर्यंत दोघं एकाच फलाटावर, एकमेकांकडे पाठ करून उभे राहिले.