एका ‘बघू’चा खुलासा

मित्रांनो, जर्मनीतल्या कोलोन शहरातल्या एका भारतीय कचेरीच्या कपाटात धूळ खात पडलेला मी एक जुना टाइपरायटर आहे. माझा जन्म इथल्याच कारखान्यातला. नवा होतो तेव्हा लोक मुद्दाम येऊन माझा टकटकाट ऐकायचे. मग मला कामाला जुंपलं आणि कौतुक संपलं. मंत्री दौऱ्यावर यायचे, हार घालून घ्यायचे, काहीतरी बोलायचे आणि विमानात बसायचे. मागचं निस्तरायला आम्ही. किती खुलासे बडवले असतील मी! फार थकलो.

१९५८ सालचा दौरा मात्र विसरता येत नाही. एका जर्मन पत्रकाराने विचारलं, भारत आमची यंत्रं घेणार का? मंत्री मराठी. ते हसून म्हणाले, “बघू.”

दुभाषी होती मालिनी, डॉक्टरेटसाठी पुण्याहून आलेली. असलं ‘बघू’ म्हणजे ‘नाही’, हे आपल्याकडे शेंबडं पोरही जाणतं. पण मालिनी बरीच वर्षं जर्मनांत राहिली होती, आणि इथे माणूस बघतो म्हणाला की खरंच बघतो. तिने सांगून टाकलं, ‘आम्ही यात जरूर लक्ष घालू.’ दुसऱ्या दिवशी इथल्या वर्तमानपत्रांत मथळा आला, भारत यंत्रं घेणार. मायदेशी ओरड झाली, कुणाला विचारून?

आमचे प्रसिद्धी अधिकारी श्रीनाथराव. फोन घेऊन घेऊन त्यांचा आवाज बसला होता.

“आल्झो, तर मग मालिनीबाई, खुलासा द्यावा लागणार. चूक दुभाष्याची, नावानिशी. तुमचं जर्मन चांगलं, तुम्हीच टाइप करा.”

“अहो, नाव छापलंत तर मला पुन्हा कोण बोलावणार? या कामावरच माझं शिक्षण चाललंय. नाव वगळता नाही का येणार?”

श्रीनाथराव खिडकीबाहेर पाहत म्हणाले, “बघू.”

या वेळी तिला अर्थ बरोबर कळला. ती मुकाट्याने टाइप करू लागली. तिचं नाव आलं तेव्हा मी माझा ‘एम’ मुद्दाम अडकवला. दुसरं काय करणार? तिने तो नखाने सोडवला आणि पुन्हा दाबला. मला फार वाईट वाटलं.

उठताना ती म्हणाली, “याचा एम अडकतोय, दुरुस्त करून घ्या.”

“बघू,” श्रीनाथराव म्हणाले.

मालिनी पुन्हा कचेरीत आली नाही. मी कपाटात गेलो.

मित्रांनो, माझी धूळ पुसली नाहीत तरी चालेल. पण कुणी काही मागितलं आणि द्यायचं नसलं, तर सरळ ‘नाही’ म्हणा. मला त्या ‘बघू’चा अर्थ चांगला ठाऊक आहे. तरी कपाटाचं दार वाजलं की वाटतं, दुरुस्तीवाला आला.