मानाप्रमाणे मथळे

ऋताने केसांत अबोली माळली तरी गंधालीला टोचायची, आणि ऋताने संगणकावर नीट पान मांडलं तरी टोचायचं. भांडुपला एकाच चाळीत दोघींची दारं समोरासमोर. वेबसाइट शिकायलाही एकाच क्लासला, आणि तिथे सौरभ सरांच्या तोंडी एकच नाव.

"ऋताचं बघा रे. वर हेडर, मग मेन, तळाला फूटर. जिथलं तिथे."

त्यानंतर सर तासभर मथळ्यांच्या टॅगबद्दल, म्हणजे कोडमधल्या एच वन ते एच सिक्स या खुणांबद्दल बोलले. गंधालीच्या कानात ऋताचं नावच घुमत राहिलं, दुसरं काही आत शिरलं नाही.

अशात तळेकोंड ग्रामस्थ मंडळाला, म्हणजे दोघींच्या कोकणातल्या गावच्या मुंबईतल्या मंडळाला, महापूजेसाठी वेबसाइट हवी झाली. चिटणीस सहदेवकाकांनी दोघींना एकेक पान करायला सांगितलं. आवडेल ते वेबसाइटवर लागणार. निदान एकदा, निदान आपल्या माणसांत, ऋता मागे पडावी, एवढंच गंधालीचं मागणं होतं.

तिने मंडळाची जुनी निमंत्रणपत्रिका समोर ठेवली आणि मानाप्रमाणे टॅग वाटले. अध्यक्षांना एच वन, सगळ्यात मोठा. चिटणिसांना एच टू, खजिनदारांना थ्री, सल्लागारांना फोर. पूजा, प्रसाद, भजन उरलेल्या बारीक ओळींत.

रविवारी मंडळाच्या खोलीत सहदेवकाकांनी चष्मा चढवून दोन्ही पानं पाहिली आणि गंधालीच्या पानावर बोट ठेवलं.

"हां, ह्याला म्हणतात पान. ऋता, तू तर आम्हाला पार तळाला टाकलंस गं. चपला काढतात तिथे बसवलंस होय?"

खोली हसली. ऋताही हसली. हिला हसू तरी कसं येतं, म्हणून गंधाली पुन्हा जळली.

शिवदासबुवा गंधालीचे सख्खे चुलते, मंडळाचे भजनीबुवा. नजर जाऊन सात वर्षं झाली होती. त्यांचा फोन पान वाचून दाखवायचा, बोट फिरवलं की एका मथळ्यावरून दुसऱ्यावर जायचा. त्यांनी पुतणीचं पान उघडलं.

"मथळा, अध्यक्ष," फोन बोलला. "मथळा, चिटणीस. मथळा, खजिनदार. मथळा, सल्लागार."

"गंधाली गो, सगळी कमिटी भेटली. माझा भजन खंय असा?"

मग ऋताचं पान. बोट दोनदा फिरलं.

"मथळा, भजन. सायंकाळी साडेसहा."

"गावला," बुवा म्हणाले. एकच शब्द. पण बुवांच्या चेहऱ्यावर ऊन पडल्यासारखं झालं.

"ऐकायचं सोडा बुवा," सहदेवकाका म्हणाले. "लोक बघणार आहेत. गंधालीचंच लावू."

जिंकली होती ती. आणि जीव त्या एका शब्दात अडकला होता, जो ऋताला मिळाला.

लॅपटॉप घेऊन ती कोपऱ्यात बसली. ऋताच्या पानाचा कोड उघडला आणि दात आवळून ओळ न् ओळ वाचली. पूजेचा वेगळा सेक्शन, त्याला त्याचा मथळा. भजनाचा वेगळा, त्याला त्याचा. नावं फूटरमध्ये. इथे काय आहे ते मथळा सांगतो, अक्षर मोठं करायची सोय निराळी असते. सर त्या दिवशी हेच बोलत असणार.

ऋता शेजारी येऊन टेकली. "काय बघतेस?"

"तुझी अक्कल."

"बघून झाली की परत दे."

गंधालीने सगळं पान उसवलं आणि पुन्हा शिवलं. नावं खाली नेली, पण अक्षरं मोठी, सोनेरी ठेवली.

सहदेवकाका वाकून बघत म्हणाले, "मोठं आहे गं. पण खालीच."

"लावायचं तर असंच काका. नाहीतर ऋताचं लावा." हे शेवटचं वाक्य तिने औषधासारखं गिळतच म्हटलं.

काकांनी एकदा तिच्याकडे, एकदा स्वतःच्या सोनेरी नावाकडे पाहिलं. "लाव बाई, हेच लाव."

बुवांनी पुन्हा बोट फिरवलं. फोनने पूजा सांगितली, मग भजन सांगितलं.

"झकास. ऋता गो, आणखी एक केलंस काय?"

गंधालीने ऋताकडे पाहिलं.

"माझं नाही बुवा. तुमच्या पुतणीचं आहे," ऋता म्हणाली.

बुवांचा हात चाचपडत आला, गंधालीच्या डोक्यावर स्थिरावला. तो ऊबदार हात तसाच राहू देत ती मनात म्हणाली, किती सहज बोलून गेली ही. तिच्या जागी मी असते तर गप्प बसले असते.

आणि तेवढ्यासाठीही तिला ऋताचा हेवा वाटला.